सोबतीला दुसरे कुत्रे असूनही घाबरणारे कुत्रे: काय पाहावे, काय करावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत एकापेक्षा जास्त कुत्री सांभाळणारी घरे पुष्कळ आहेत. मळ्यातल्या वस्तीवर राखणीला दोन-तीन गावठी कुत्री असतातच, पण आता टिळकवाडी, हिंदवाडी, अनगोळ, वडगाव इथल्या घरांतही एखादे लॅब्रॅडॉर किंवा पामेरियन आणि त्याच्या जोडीला गल्लीतून उचलून आणलेले गावठी पिल्लू, अशी जोडी सर्रास दिसते. यांतल्या बऱ्याच घरांत दुसरे कुत्रे एका ठरावीक कारणाने आलेले असते. पहिले कुत्रे घरात एकटे राहिले की रडते, दार ओरबाडते, भुंकून सगळी गल्ली डोक्यावर घेते, म्हणून त्याला सोबत हवी, असे कुणीतरी सुचवलेले असते. कधी कधी त्याने खरोखर फरक पडतो. पुष्कळदा मात्र पहिल्याचे रडणे चालूच राहते आणि महिन्या-दोन महिन्यांत दुसरेही त्याच्या सुरात सूर मिसळू लागते.

याचे कारण समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे जाते. ज्या कुत्र्याला माणूस दिसेनासा झाल्याची भीती वाटते, त्याची भीती दुसरे कुत्रे समोर असल्याने जात नाही, कारण त्याला हवे असलेले माणूस तिथे नसतेच. ज्याला कोणाचीही सोबत पुरते, पण अगदी एकटे राहणे सोसत नाही, त्याला दुसऱ्या कुत्र्याचा उपयोग होतो. तिसरा प्रकार असा, की दोन कुत्री एकमेकांना इतकी धरून असतात की माणसे घरात असूनही जोडीदार नजरेआड झाला की एकाचा जीव कासावीस होतो. तिन्ही प्रकारांत भुंकणे, ओरबाडणे, घरात लघवी करणे ही लक्षणे सारखीच दिसतात, पण उपाय मात्र वेगवेगळे आहेत. म्हणून अनेक कुत्री असलेल्या घरात पहिला प्रश्न हाच, की कोणत्या कुत्र्याला नेमके कोणाचे जाणे सहन होत नाही.

याचे उत्तर अंदाजाने देऊ नये. घरातला जुना मोबाइल कपाटावर उभा करून चित्रण चालू ठेवावे किंवा साधा सीसीटीव्ही कॅमेरा बसवावा. वीज गेली की बंद पडेल अशा जोडणीवर तो ठेवू नये, कारण पावसाळ्यात नेमक्या हव्या त्या वेळी चित्रण मिळत नाही. धास्ती असलेल्या कुत्र्याची लक्षणे बहुधा माणूस गेल्यापासून अर्ध्या तासाच्या आत सुरू होतात, त्यामुळे सुरुवातीचा हा काळ सर्वांत महत्त्वाचा. मात्र कुत्र्याचा त्रास सुरू झालेला दिसताच परत यावे. पुरावा गोळा करण्यासाठी त्याला तासभर रडू देण्याची गरज नाही.

चित्रण एकदा आवाज बंद करूनही पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वडगावातल्या एका ओळखीच्या घरी लॅब्रॅडॉर कुत्रा आणि गावठी कुत्री अशी जोडी होती आणि शेजाऱ्यांची तक्रार लॅब्रॅडॉरच्या भुंकण्याविषयी होती. आवाज बंद करून पाहिल्यावर वेगळेच दिसले. दाराला कुलूप लागताच गावठी कुत्री उंबऱ्याला नाक लावून बसली. तोंड बंद, कान मागे, पुढचा एक पाय किंचित उचललेला. थोड्या वेळाने तिला धाप लागली, ती पुन्हा पुन्हा ओठ चाटू लागली आणि तिच्या हनुवटीखाली शहाबादी फरशीवर लाळेचा ओला डाग पसरत गेला. ताटलीत ठेवलेल्या पोळीकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. लॅब्रॅडॉर मात्र आपली पोळी खाऊन, तिचीही खाऊन, तिच्याभोवती फेऱ्या घालत होता आणि तिने उठून दाराला पंजे मारले की तेवढ्यापुरता भुंकत होता. घरातले लोक इतके दिवस जिला शांत समजत होते, तीच खरी घाबरलेली होती. आवाज करणारे कुत्रे लक्षात येते आणि गप्प बसून थरथरणारे राहून जाते, ही एकापेक्षा जास्त कुत्री असलेल्या घरांतली नेहमीची गोष्ट आहे.

चित्रण वेगवेगळ्या प्रकारे घ्यावे: सगळी कुत्री एकत्र आणि माणसे बाहेर, एक कुत्रे माणसाबरोबर बाहेर आणि दुसरे घरात, तसेच एक कुत्रे बाहेर आणि दुसऱ्याजवळ घरातले कुणीतरी. शेवटच्या प्रकारात माणूस शेजारी असूनही कुत्रे येरझारा घालत असेल आणि खायला तोंड लावत नसेल, तर त्याला जोडीदाराची ओढ आहे. माणसे गेल्यावर जोडीदार अंगाला अंग लावून बसला असतानाही ते घाबरत असेल, तर त्याला माणसाची ओढ आहे. निवांत झोपणारे, मग गाडीचा आवाज आला की उठून चारदा भुंकून पुन्हा झोपणारे कुत्रे आजारी नाही; त्याचा प्रश्न खिडकी झाकून सुटतो. दात येण्याच्या वयातले पिल्लू चप्पल चावते ते बहुधा दातांमुळे आणि कंटाळ्यामुळे. उलट दाराची चौकट, कडीजवळची फळी, खिडकीचे गज अशा बाहेर पडण्याच्या जागीच ओरबाडल्याच्या खुणा असतील आणि नखे रक्ताळली असतील, तर ती भीती समजावी.

घरात लघवी न करणारे मोठे कुत्रे एकाएकी करू लागले, तर आधी पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, सांधेदुखी, म्हातारपणी मेंदूत होणारे बदल यांपैकी काहीही कारण असू शकते आणि अशा वेळी शिकवणीने काहीच साधत नाही.

आपल्या भागातल्या घरांची एक अडचण वेगळी आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. एकत्र कुटुंबात घर सहसा रिकामे राहत नाही. आजी-आजोबा असतात, कुणीतरी परसात असते, दुपारी शेजारच्या काकू येऊन बसतात. त्यामुळे कुत्र्यांना रिकाम्या घरात राहण्याची सवय लागण्याचा प्रसंगच येत नाही. मग कुणाचे लग्न निघते, यल्लम्माच्या डोंगरावर किंवा जोतिबाला सगळे मिळून जायचे ठरते आणि ज्यांनी आयुष्यात रिकामे घर पाहिलेले नाही त्या कुत्र्यांवर एकदम दिवसभराचा एकांत येऊन पडतो. उन्हाळ्याच्या सुटीनंतरही असेच होते. एप्रिल-मे महिन्यांत मुले दिवसभर कुत्र्यांबरोबर असतात आणि शाळा सुरू झाल्या की सकाळी घर एकदम ओस पडते. म्हणून शाळा सुरू होण्याच्या किंवा यात्रेच्या तीन-चार आठवडे आधीपासून तयारीला लागावे.

तयारीची सुरुवात माणसे घरात असतानाच होते. प्रत्येक कुत्र्याला स्वतःची जागा, स्वतःचे अंथरूण आणि स्वतःची ताटली असावी. सोप्यात एकाची गोधडी आणि स्वयंपाकघराच्या दाराशी दुसऱ्याची, एवढे अंतर सुरुवातीला पुरते. मधल्या दाराला लहान मुलांसाठी मिळते तसले जाळीचे फाटक किंवा गुडघाभर उंचीची फळी लावावी, म्हणजे कुत्री एकमेकांना पाहू शकतात, वास घेऊ शकतात, पण एकमेकांच्या अंगावर जाऊन बसू शकत नाहीत. आपापल्या जागी शांत पडून राहिल्याबद्दल मधूनमधून भाकरीचा तुकडा, उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा बारीक तुकडा हळूच समोर ठेवावा. कौतुकाचा गोंगाट करू नये. ही गोष्ट पाहायला किरकोळ वाटते, पण माझ्या मते पुढचे सगळे काम हिच्यावरच उभे असते.

त्याचबरोबर दिवसातून एकदा तरी कुत्र्यांना वेगवेगळे फिरवून आणावे. दोघांना नेहमी एकत्रच फिरवले, एकत्रच खायला घातले, एकत्रच झोपवले, तर त्यांना एकमेकांशिवाय काही करता येते हे कळतच नाही. एकाच विणीची दोन पिल्ले एकदम घरी आणणाऱ्यांनी तर हे पहिल्या आठवड्यापासून करावे. घरात मराठी आणि कामाला येणाऱ्या मावशींच्या तोंडी कन्नड असेल, तर कुत्र्यासाठी ‘ये’ की ‘बा’, ‘थांब’ की ‘निल्लु’ हे सगळ्यांनी मिळून एकदाच ठरवावे आणि तोच शब्द वापरावा.

यानंतर निघण्याच्या खुणांकडे वळावे. आपण बाहेर जाणार हे कुत्र्याला दार उघडण्याच्या कितीतरी आधी कळते. केस विंचरणे, गॅसचा रेग्युलेटर बंद करणे, खुंटीवरची पर्स, फडताळातली किल्ली, चपलांच्या मांडणीचा आवाज, हेल्मेट. यांतल्या प्रत्येक खुणेबरोबर त्याच्या छातीतली धडधड वाढत जाते आणि दार लागेपर्यंत ते अर्धे घाबरून गेलेले असते. म्हणून या खुणांचा जाण्याशी असलेला संबंध सैल करावा लागतो. किल्ली उचलून पुन्हा भाजी निवडायला बसावे. हेल्मेट घालून सोप्यात वर्तमानपत्र वाचावे. चपला घालून परसात जाऊन यावे. दिवसभरात थोडे थोडे असे करत राहिले, की कुत्रे मान वर करून पाहते आणि पुन्हा खाली ठेवते. ते मान खाली ठेवू लागले, की त्या खुणेपुरते काम झाले.

मग प्रत्यक्ष जाणे. दाराबाहेर पाऊल टाकून पाच सेकंदांत परत यावे. कुत्रे शांत राहिले तर दहा सेकंद, मग तीस, मग मिनिट. वेळ सतत वाढवत नेऊ नये. मधूनच कमी करावा, म्हणजे दर वेळी आधीच्यापेक्षा अवघडच येणार असे कुत्र्याला वाटत नाही. परत आल्यावर उत्सव करू नये, पण मुद्दाम पाठही फिरवू नये. शांतपणे हाक मारून आपल्या कामाला लागावे. कुत्रे घाबरायच्या आत परतणे हे यातले सर्वांत महत्त्वाचे. ते रडल्यावर परतलो, तर त्या वेळची शिकवणी फुकट गेली असे समजून पुढच्या वेळी बाहेर राहण्याचा वेळ निम्मा करावा. पहिली चाळीसेक मिनिटे गाठायला सर्वांत जास्त दिवस लागतात, कारण बहुतेक भीती याच काळात उफाळते. तो टप्पा निर्धास्तपणे पार पडू लागला की पाच-पाच, मग पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवता येते आणि दीड तास शांतपणे राहणारे कुत्रे बहुधा अर्धा दिवसही राहू शकते.

घरात अनेक कुत्री असताना हा वेळ कोणाच्या हिशेबाने ठरवायचा? सर्वांत कमी धीर असलेल्या कुत्र्याच्या. लॅब्रॅडॉर तासभर राहतो आणि गावठी कुत्री दोन मिनिटेच राहते, तर एकत्र ठेवून शिकवताना दोघांनाही दोन मिनिटांचाच हिशेब लागू होतो, कारण ती उठली की तोही उठणार. शांत असलेल्या कुत्र्याची सोबत घाबरणाऱ्याला उपयोगी पडत असेल, तर त्यांना एकत्रच ठेवावे. शांत कुत्रेच दुसऱ्याच्या भुंकण्याने बिथरू लागले असेल, तर मात्र शिकवणीच्या वेळी त्याला आतल्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन वेगळे ठेवावे आणि घाबरणारे सावरल्यावर दोघांना पुन्हा एकत्र आणून वेळ सेकंदांपासून मोजायला सुरुवात करावी. या दुसऱ्या फेरीत प्रगती बरीच लवकर होते.

जोडीदाराची ओढ असलेल्या कुत्र्यासाठी हीच पद्धत थोडी बदलून वापरतात. एक माणूस घरात त्याच्याजवळ बसतो आणि दुसरा त्याच्या जोडीदाराला अंगणात नेऊन लगेच परत आणतो. नंतर फाटकापर्यंत, गल्लीच्या टोकापर्यंत, मग गाडीतून एक फेरी. दर वेळी तेच कुत्रे बाहेर न्यायचे असे करू नये, पाळी बदलावी. दवाखान्यातून परतलेल्या कुत्र्याच्या अंगाला औषधाचा वास असतो आणि घरातले कुत्रे त्याच्यावर गुरगुरू शकते, म्हणून त्या दिवशी दोघांची भेट बाहेर अंगणात, पट्टा हातात धरून घडवावी.

एकटे असताना गुंतून राहण्यासाठी खाऊ ठेवणे चांगले, पण एकापेक्षा जास्त कुत्री असतील तर त्यात धोका आहे. माणसे नसताना एका हाडावरून दोन कुत्र्यांची झुंज लागली, तर सोडवायला कोणी नसते. खाऊ ठेवायचाच असेल, तर कुत्री वेगवेगळ्या खोल्यांत असावीत. जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांची गुंडाळी करून तिच्यात भाकरीचे बारीक तुकडे खोचले, की हुंगून शोधण्यात कुत्र्याचा बराच वेळ जातो. मात्र कापड गिळण्याची खोड असलेल्या कुत्र्याला ती देऊ नये. शिजवलेली हाडे, कांदा-लसूण घातलेले कालवण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट कधीही देऊ नये. भीती तीव्र असलेले कुत्रे खाऊला शिवतच नाही, हेही लक्षात ठेवावे. ताटली तशीच भरलेली राहिली, तर आपण त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त वेळ बाहेर होतो.

शिकवणी चालू असलेल्या आठवड्यांत कुत्र्याला त्याच्या ताकदीपलीकडे एकटे सोडू नये, नाहीतर सकाळी कमावलेले दुपारी जाते. हे पाळणे सर्वांत कठीण आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. उद्यमबागेत पाळीवर जाणाऱ्या नवरा-बायकोला वेगवेगळ्या पाळ्या मागून घेता येतात का, आजोबांना थोडे दिवस बोलावता येते का, शेजाऱ्यांच्या सोप्यात कुत्री बसू शकतात का, याचा विचार आधी करावा आणि मगच सुरुवात करावी. शेजाऱ्यांना आपण काय करत आहोत ते आधीच सांगितले, तर तक्रार करणारेच बहुधा मदतीला येतात.

काही गोष्टी मात्र अजिबात करू नयेत. घरी परतल्यावर फाटलेली उशी दाखवून कुत्र्याला मारले, तर त्याला मार आणि उशी यांचा संबंध लागत नाही. माणसाचे परतणेही भीतीदायक आहे एवढेच ते शिकते. दोन कुत्री असताना निष्पाप कुत्र्याला मार बसण्याची शक्यता तर निम्मी असते. पडवीत साखळीला बांधून जाण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, पण घाबरलेले कुत्रे साखळीत अडकून गळ्याला फास लावून घेते आणि दोन कुत्री जवळ बांधली तर साखळ्या एकमेकींत गुंततात. पिंजऱ्याची आधीपासून गोडी नसेल, तर धास्तीच्या भरात कुत्री गज चावून दात मोडून घेतात. मुधोळ जातीचे कुत्रे असेल, तर उघड्या अंगणात सोडून जाणेही सुरक्षित नाही. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही शिकारी जात वेगासाठीच वाढवलेली आहे आणि भेदरलेले मुधोळ कुत्रे कुंपणाच्या भिंतीवरून उडी मारून डोळ्यांदेखत दिसेनासे होते.

आवाजाची भीती आणि एकटेपणाची भीती पुष्कळदा एकाच कुत्र्यात आढळतात आणि एकीने दुसरी वाढते. फिनलंडमध्ये सुमारे 13,700 पाळीव कुत्र्यांची पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाले. त्यांत भीतीच्या सर्व प्रकारांत आवाजाची भीती सर्वांत जास्त, म्हणजे 32 टक्के कुत्र्यांत दिसली होती. आपल्याकडे मे महिन्यातला वळीव, दिवाळीचे फटाके आणि बेळगावची दुसऱ्या दिवसापर्यंत चालणारी विसर्जन मिरवणूक हे ठरलेले प्रसंग आहेत. घरात एकटे असताना एकदा जवळ वीज कडाडली, तर महिनाभर शांत राहिलेले कुत्रेही पुन्हा पहिल्या पायरीवर येऊ शकते. अशा दिवसांत नवी शिकवणी घेऊ नये, घरात कुणीतरी थांबावे, खिडक्या लावून पंखा किंवा रेडिओ चालू ठेवावा आणि कुत्र्यांना हवे तिथे, पलंगाखाली का होईना, बसू द्यावे. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने त्याची भीती वाढते, हा समज चुकीचा आहे.

एवढे करूनही कुत्रे काही सेकंदांपलीकडे जात नसेल, स्वतःला इजा करून घेत असेल किंवा खाणे सोडत असेल, तर औषधाचा विचार उशिरा करू नये. फ्लुऑक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन ही दोन औषधे कुत्र्यांच्या एकटे राहण्याच्या भीतीसाठी अभ्यासलेली आहेत; अमेरिकेच्या औषध नियामकाने फ्लुऑक्सेटिनला त्यासाठी 2007 साली मान्यता दिली. त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, ती शिकवणीबरोबरच द्यायची असतात आणि मनाने एकदम थांबवायची नसतात. नुसती गुंगी आणणाऱ्या औषधाने कुत्रे निपचित पडते, पण आतली भीती तशीच राहते. घरातल्या माणसांच्या गोळ्या तर कधीच देऊ नयेत, आणि एका कुत्र्याला लिहून दिलेले औषध दुसऱ्यालाही देऊ नये. दवाखान्यात जाताना चित्रण मोबाइलवर घेऊन जावे. तिथल्या टेबलावर कुत्रे वेगळेच वागते, घरात काय घडते ते डॉक्टरांना त्याशिवाय दिसत नाही.

शेवटी जोडीतले एक कुत्रे गेल्यावर काय करावे, याविषयी. 2022 साली इटलीतल्या 426 श्वानपालकांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यांपैकी 86 टक्के लोकांनी एक कुत्रे गेल्यावर मागे राहिलेल्याच्या वागण्यात प्रतिकूल बदल झाल्याचे सांगितले होते. ते जास्त चिकटून राहू लागते, खेळणे आणि खाणे कमी होते. हे दुःख खरे आहे आणि त्याला वेळ द्यावा लागतो. जेवणाची, फिरण्याची, झोपण्याची वेळ बदलू नये. गेलेल्याचे अंथरूण लगेच उचलू नये. मागे राहिलेले त्यावर जाऊन झोपत असेल तर झोपू द्यावे. पूर्वी शांतपणे एकटे राहणारे कुत्रेही आता पाच मिनिटे राहत नाही असे दिसले, तर वर सांगितलेली शिकवणी सेकंदांपासून पुन्हा सुरू करावी. नवे पिल्लू आणायचेच असेल, तर मागे राहिलेले कुत्रे रिकाम्या घरात स्वतःच्या गोधडीवर पुन्हा निवांत झोपू लागल्यावर आणावे आणि त्या पिल्लाची गोधडी पहिल्या दिवसापासून वेगळ्या जागी घालावी.